घासलं तरी आठ दिवसांत पुन्हा शेवाळ : बार्टन स्प्रिंग्जच्या पायऱ्यांवर नेमकं कुठे चुकतं

बार्टन स्प्रिंग्ज हा टेक्सासमधल्या ऑस्टिन शहराचा पोहण्याचा तलाव. दर गुरुवारी सकाळी नऊला तो सफाईसाठी बंद होतो. आपण ब्रश घेऊन उतरतो, कंबर धरेपर्यंत घासतो आणि पायऱ्यांचा मूळ रंग दिसायला लागला की समाधानाने घरी जातो. पुढच्या गुरुवारी त्याच पायरीवर पाय ठेवावा, तर तो सर्रकन सटकतो. पुन्हा तेच हिरवं, बुळबुळीत.

बार्टन स्प्रिंग्जच्या सफाईला येणारा नवा माणूस तिसऱ्या-चौथ्या खेपेला हमखास विचारतो, "मग आपण घासतो तरी कशाला?" ऑस्टिनमधल्या आपल्या मराठी मंडळींपैकी ज्यांना मी या कामाला आणलं, त्यांनीही हेच विचारलं. जुन्या स्वयंसेवकांकडून, शहराच्या जीवशास्त्रज्ञांकडून आणि स्वतःच्या चुकांमधून मला जे कळलं ते इथे लिहिते. गावाकडे बारव, जुनी विहीर किंवा देवळाचं कुंड साफ करणाऱ्यांनाही यातलं बरंच उपयोगी पडेल.

एक गोष्ट आधीच सांगते. शेवाळ परत येणारच. उघडं आभाळ, स्वच्छ पाणी आणि दगड एकत्र आले की ते येतं. पण ते किती लवकर येतं, कुठे येतं आणि त्याच्यासोबत गाळ किती साचतो, यातलं बरंच काही आपल्या घासण्याच्या पद्धतीवर ठरतं.

आधी पाण्याची वाट समजून घ्या

नेहमीच्या पोहण्याच्या तलावाचे नियम इथे लावायला गेलं की पहिली चूक होते. बार्टन स्प्रिंग्ज हा झऱ्यांवर भरणारा तलाव आहे. बार्टन ओढ्याच्या पात्रातच १९२९ साली बांध घालून सुमारे तीन एकरांचं पाणी अडवलेलं आहे. खोली शून्यापासून १८ फुटांपर्यंत. पाणी येतं ते एडवर्ड्स नावाच्या चुनखडीच्या खडकातल्या भेगांमधून, आणि बारा महिने त्याचं तापमान २०-२१ अंश सेल्सिअस असतं. मे महिन्यात उडी मारली तर अंगावर काटा येतो आणि जानेवारीत पाण्यावरून वाफ निघताना दिसते. झऱ्यांचा सरासरी प्रवाह सेकंदाला ५० घनफुटांच्या आसपास, म्हणजे १,४०० लिटर. गाळणयंत्र नाही, पाणी फिरवणारा पंप नाही, क्लोरीन नाही. जे काही धुऊन निघतं ते या वाहत्या पाण्यानेच.

पण हे पाणी तलावाच्या सगळ्या भागांतून सारखं वाहत नाही. शेवाळाचं अर्धं कोडं इथेच सुटतं.

मुख्य झरे डायव्हिंग बोर्डाजवळ, तलावाच्या मधल्या भागात, तळातल्या भेगांतून उफाळतात. तिथून पाणी खालच्या बांधाकडे जातं. वरच्या अंगाने येणारं ओढ्याचं रोजचं पाणी तलावात येतच नाही. ते उत्तरेकडच्या पायवाटेखालच्या बंदिस्त मार्गातून तलावाला वळसा घालून खाली सोडलेलं आहे. म्हणजे वरचं उथळ टोक, जिथे लहान मुलं खेळतात आणि आजी-आजोबा पाय सोडून बसतात, त्याला ओढ्याचा प्रवाह मिळत नाही आणि झऱ्याचाही जेमतेम मिळतो. पाणी तिथे रेंगाळतं. ऊन थेट तळापर्यंत पोचतं. शेवाळाला याहून चांगली जागा कोणती?

त्यामुळे "सगळीकडे सारखंच घासलं, मग इथेच का आलं?" या प्रश्नाचं उत्तर ब्रशमध्ये शोधू नका. पाणी कुठे थांबतं ते बघा. एखादं वाळलेलं पान पाण्यावर सोडून बघायची सवय मी लावून घेतली आहे. पान हललं नाही तर त्या जागेला दर आठवड्याला ब्रश लागणार हे धरून चाला. पान भरभर निघून गेलं तर तिथे एखादा आठवडा गेला तरी चालतं.

घासण्याआधी बोटाने तपासा

आपण सगळ्यालाच शेवाळ म्हणतो, पण पायरीवर निदान पाच वेगळ्या गोष्टी असू शकतात आणि प्रत्येकीचा इलाज वेगळा आहे. चुकीच्या गोष्टीवर जोर लावला की दमणूक होते आणि ती आठवड्यात परत येते.

तपकिरी, जेमतेम दिसणारा, पण भयंकर निसरडा थर असेल, तर तो सूक्ष्म शैवालाचा आणि जिवाणूंचा पापुद्रा असतो. स्वच्छ दगडावर सगळ्यात आधी हाच बसतो, दोन-तीन दिवसांत. माणसं पडतात ती बहुतेक यावरूनच, कारण तो डोळ्यांना दिसत नाही. हिरवं गवत दिसलं की माणूस जपून पाय टाकतो. हा पापुद्रा नायलॉनच्या ब्रशने सहज निघतो, जोर लागत नाही. फक्त एकही पायरी सुटता कामा नये.

हिरवे केस किंवा दोऱ्यांसारखं, दगडाला घट्ट धरलेलं आणि हाताला खरखरीत लागणारं शेवाळ वेगळं. त्याला बुडाशी धरण्यासाठी मुळासारखा भाग असतो. आपण वरून ब्रश फिरवतो, केस तुटतात, पायरी स्वच्छ दिसते. बुडखा मात्र दगडातच राहतो आणि त्यातूनच नवे केस फुटतात. गव्हाच्या शेतात तण उपटण्याऐवजी वरून छाटावं, तसं हे झालं. हे शेवाळ आधी हाताने पिळून ओढायचं, मग बुडखा उलट-सुलट दोन्ही दिशांनी घासायचा. एका फुटासाठी एक मिनिट लागलं तरी चालेल. पाच पायऱ्या नीट करा, वीस पायऱ्या वरवर करू नका.

मऊ, रेशमी, हातातून निसटणारं आणि कशालाच न चिकटलेलं हिरवं शेवाळ जाळीने उचलायचं. त्याच्यावर ब्रश मारणं म्हणजे त्याचे तुकडे करून बी पेरणं. प्रत्येक तुकडा पुन्हा वाढतो.

करडा, हात लावताच धुरासारखा उठणारा थर असेल, तर चिमटीत धरून चोळा. बोटांना रवाळ लागलं तर तो गाळ आहे. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिते, कारण इथली सगळ्यात मोठी चूक गाळाबाबतच होते.

काळपट किंवा निळसर-हिरवा, गालिच्यासारखा थर असेल, दुपारच्या उन्हात त्यात बुडबुडे अडकून त्याचे तुकडे तरंगायला लागले असतील आणि ओल्या मातीसारखा उग्र वास येत असेल, तर त्याला हात लावू नका. हे सायनोबॅक्टेरिया, म्हणजे विष तयार करू शकणारे निळे-हिरवे जिवाणू, असू शकतात. २०१९ साली इथून जवळच्या लेडी बर्ड लेकमध्ये अशाच विषारी वाढीमुळे पोहायला गेलेली कुत्री दगावली होती. असा थर दिसला की तलावाच्या कर्मचाऱ्यांना जागा दाखवायची, आपण बाजूला व्हायचं आणि मुलांना तिकडे फिरकू द्यायचं नाही.

आणि देठ, पान किंवा मूळ दिसलं, तर ते शेवाळ नव्हेच. ती पाणवनस्पती किंवा जलशेवाळी म्हणजे मॉस आहे. ती तशीच राहू द्या. त्यामागचं कारण पुढच्या भागात आहे.

"मोरचूद टाक की"

पहिल्या वर्षी व्हिडिओ कॉलवर मामाला पायऱ्या दाखवल्या, तर तो म्हणाला, "एवढं घासत काय बसलीस गं? मोरचूद टाक की. दोन दिवसांत पाणी नितळ." मामाने साताऱ्याकडच्या मळ्यातल्या विहिरी आयुष्यभर सांभाळल्या आहेत. त्याचं म्हणणं उगाच नाही. मोरचुदाने शेवाळ मरतंच. पिण्याच्या विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकली की पाणी निर्जंतुक होतं, हेही खरं, आणि पिण्याच्या पाण्यासाठी ती टाकलीच पाहिजे.

पण ज्या पाण्यात जीव राहतात आणि ज्याचं पाणी पुढे ओढ्या-नदीला मिळतं, तिथे हा उपाय नव्या अडचणी उभ्या करतो. एकगठ्ठा मेलेलं शेवाळ तिथेच कुजतं. कुजताना पाण्यातला प्राणवायू खातं. कुजल्यावर त्यातलं नत्र आणि स्फुरद पाण्यात सुटतं आणि पुढच्या शेवाळाला आयतं खाद्य मिळतं. मोरचुदातलं तांबं तर विघटित होऊन संपत नाही, ते गाळात साठत राहतं. दोन दिवस पाणी नितळ दिसतं ते खरं, पण महिन्याभराने जे येतं ते आधीपेक्षा जोमाने येतं. "दरवर्षी जास्तच टाकावं लागतं" अशी तक्रार करणाऱ्यांच्या कुंडात बहुतेकदा हेच घडत असतं.

बार्टन स्प्रिंग्जला यापलीकडचं कारण आहे. या झऱ्यांमध्ये एक सॅलमँडर राहतो. दिसायला पालीसारखा, जातीने बेडकाच्या गोतातला, जेमतेम बोटभर लांब. त्याला फुफ्फुसं नाहीत. मानेच्या दोन्ही बाजूंना लाल पिसांसारखे कल्ले असतात आणि सगळं आयुष्य तो पाण्यातच काढतो. बार्टन स्प्रिंग्ज सॅलमँडर हेच त्याचं नाव, आणि १९९७ पासून अमेरिकेच्या संघराज्य कायद्याने तो धोक्यातली प्रजाती म्हणून संरक्षित आहे. त्याचा भाऊबंद, जवळजवळ आंधळा ऑस्टिन ब्लाइंड सॅलमँडर, २०१३ मध्ये त्या यादीत आला. दोघेही दगडांखाली, जलशेवाळीत आणि झऱ्याच्या तोंडाशी राहतात आणि पाण्यातले बारीक किडे खातात.

पूर्वी इथेही सफाईला क्लोरीन वापरत असत. १९९२ च्या सप्टेंबरमध्ये त्यामुळे मासे मेले आणि तो प्रकार बंद झाला. आता आपलं काम ब्रश, जाळी, बादली आणि हातांनीच.

घरून ब्लीच, व्हिनेगर किंवा "नैसर्गिक" म्हणून विकला जाणारा कुठलाही द्रव आणू नका. तुरटीसुद्धा नको. आपल्या हेतूबद्दल कोणाला शंका नसते, पण कल्ल्यांनी श्वास घेणाऱ्या जिवाला हेतू कळत नाही.

गाळ ढकलायचा नाही, उचलायचा

ही माझी स्वतःची चूक, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिल्याच महिन्यात मला उथळ टोकाची पट्टी दिली होती. आपण अंगण धुतो तेव्हा काय करतो? वरून पाणी मारत घाण उताराकडे लोटत नेतो. मीही तेच केलं. ब्रशने गाळ खोल पाण्याकडे ढकलत गेले. पट्टी लख्ख झाली. तेवढ्यात शहराच्या एक जीवशास्त्रज्ञ बाई काठावरून खाली उतरल्या, मला थांबवलं आणि करड्या पाण्याचा तो लोट कुठे चाललाय ते हाताने दाखवलं. तो थेट मुख्य झऱ्यांच्या भेगांवर जाऊन बसत होता. सॅलमँडर ज्या फटींत राहतात, त्याच फटी मी बुजवत होते. मला फार वाईट वाटलं. त्या रागावल्या नाहीत. "इथे अनेक वर्षं असंच केलं जायचं," एवढंच म्हणाल्या. नंतर समजलं की सॅलमँडरला संरक्षण देताना नोंदवलेल्या धोक्यांमध्ये अग्निशमनाच्या जोरदार नळ्यांनी उथळ टोकाचा गाळ झऱ्यांकडे लोटणं हाही एक होता.

म्हणून नियम असा: उथळ टोकाला जे सुटेल ते तिथेच गोळा करायचं. ब्रश मारणाऱ्याच्या खालच्या अंगाला एकाने बारीक जाळी घेऊन उभं राहायचं. गाळ घमेल्याने किंवा बादलीने उचलून कर्मचारी सांगतील त्या जागी, पाण्यापासून लांब टाकायचा. काठावरच ढीग घातला तर पहिल्या पावसात तो पुन्हा आत येतो. सफाईनंतर दोनच दिवसांनी पाणी गढूळ झाल्याची तक्रार आली, तर आधी काठावरचे ढीग बघा.

झऱ्यांच्या खालच्या अंगाला, बांधाकडच्या भागात, गणित वेगळं आहे. तिथे प्रवाह आहे. तिथे वरच्या पायरीपासून सुरुवात करून प्रवाहाच्या दिशेने जायचं, म्हणजे सुटलेलं शेवाळ घासलेल्या जागेवर परत बसत नाही. उलट दिशेने गेलात तर तासाभरात तुम्हीच घासलेल्या पायरीवर तुमचंच शेवाळ येऊन बसतं. हे इतकं साधं आहे, तरी दर गुरुवारी कोणीतरी उलटं करताना दिसतंच.

झऱ्याच्या तोंडाजवळचे दगड उलटायचे नाहीत, हलवायचे नाहीत. कधी कधी सफाईसाठी बांधाची दारं उघडून पाणी उतरवतात. ते कधी उतरवायचं हे झऱ्यांचा प्रवाह बघून शहराचे तज्ज्ञ ठरवतात, कारण पाणी एकदम उतरलं तर सॅलमँडर उघड्यावर अडकतात. अशा दिवशी तज्ज्ञ आधी फिरून बघतात आणि ते हो म्हणेपर्यंत आपण काठावर थांबायचं.

ब्रशबद्दल थोडं

तारेचा ब्रश आणू नका. तारेने शेवाळ झटक्यात निघतं, पण काँक्रीटवर बारीक ओरखडे पडतात. त्या ओरखड्यांत बुडखे अडकतात आणि पुढच्या वेळी तेच शेवाळ दुप्पट घट्ट बसतं. जास्त दाबाच्या पाण्याचंही तसंच. लांब दांड्याचा, ताठ नायलॉनचा ब्रश पुरतो. जिन्याच्या कोपऱ्यांना आणि कठड्यांच्या बुडाशी हातातला छोटा ब्रश लागतो. कठड्याचा खांब जिथे काँक्रीटमध्ये जातो, ती खाच बहुतेक सगळे विसरतात. शेवाळ तिथूनच पुन्हा पसरतं.

पांढरट, कडक पापुद्रा असेल तर त्याच्या मागे लागू नका. चुनखडीतून आलेल्या पाण्यातले ते क्षार आहेत. त्यावर पाय उलट चांगला ठरतो.

सगळं नाही, फक्त पाय पडतो तिथेच

नव्या उत्साहात माणूस तलावाच्या भिंतीसुद्धा घासायला लागतो. नका घासू. भिंतीवरच्या आणि तळाच्या खडकावरच्या वाढीत किडे राहतात, मासे चरतात. आपलं काम पायऱ्या, उतार, शिड्या, कठडे आणि उथळ टोकाला जिथे लोक चालतात ती पट्टी, एवढंच. हात थोडे आहेत, ते माणूस पडण्याच्या जागी लागले पाहिजेत.

कोणी पडू नये म्हणून मी इतका जीव टाकते, त्याला एक कारण आहे. अँड्र्यू झिल्कर यांनी १९१७ साली हे झरे शहराला दिले, ते सार्वजनिक राहावेत म्हणून. तरीही कित्येक दशकं कृष्णवर्णीय ऑस्टिनकरांना या पाण्यात उतरायला मनाई होती. १९६० साली जोन मीन्स या हायस्कूलमधल्या मुलीने ती मनाई मोडून पाण्यात उडी मारली. त्यानंतर पाण्यात उतरून निषेध करणं सुरू राहिलं आणि १९६२ मध्ये तलाव सगळ्यांसाठी खुला झाला. १९२७ चं महाडचं चवदार तळं ज्यांच्या मनात आहे, त्यांना सार्वजनिक पाण्यात उतरण्याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. या पाण्यापर्यंत जाणारी पायरी कोणासाठीच अवघड असू नये, काठी टेकत येणाऱ्या आजींसाठीही नाही, असं मला मनापासून वाटतं.

नीट घासूनही लवकर येत असेल तर

वरचं सगळं करूनही एखाद्या मोसमात शेवाळ अचानक वाढतं. तेव्हा कारण पायरीवर नसतं.

पहिलं म्हणजे पूर. मोठा पाऊस झाला की ओढा वरच्या बांधावरून उसळून तलावात घुसतो. गाळ, खडी, पालापाचोळा, सगळं आत येतं आणि तलाव बंद ठेवावा लागतो. अशा वेळी पाणी तपासून तलाव सुरक्षित असल्याचं सांगितल्याशिवाय आत उतरू नका, पुराच्या पाण्यात रोगजंतू असतात. उतरायला परवानगी मिळाली की पहिला हात गाळाला, शेवाळाला नंतर. पायरीवरचा गाळ ओला असतानाच काढा. उघड्या पायऱ्यांवर तो वाळला की लिंपल्यासारखा घट्ट बसतो आणि मग तासन् तास जातात. पुराने खतासारखं सगळं आत आणलेलं असतं, म्हणून पुढचे दोन-तीन आठवडे शेवाळ जोरात येणार हे गृहीत धरा आणि तेव्हाच जास्त माणसं बोलवा. बहुतेक गट पुराच्या आठवड्यात गर्दी करतात आणि खरी गरज असते तेव्हा चारच जण उरतात.

दुसरं म्हणजे दुष्काळ. प्रवाह घटला की पाणी जास्त वेळ रेंगाळतं, आणि मग जी जागा एरवी स्वच्छ राहायची तिथेही शेवाळ दिसतं. या जलधराची, म्हणजे जमिनीखाली पाणी साठवणाऱ्या खडकाची, देखरेख करणारी जी भूजल संस्था १९८७ साली स्थापन झाली, ती झऱ्यांचा प्रवाह सेकंदाला ३८ घनफुटांवर आला की इशारा देते आणि २० घनफुटांवर आला की स्थिती गंभीर धरते. १९५० च्या दशकातल्या दुष्काळात तो १० घनफुटांपर्यंत उतरला होता. प्रवाह कमी असला की पाण्यातला प्राणवायूही घटतो आणि सॅलमँडरला आधीच जड जात असतं. तेव्हा जास्त घासून भरपाई करायची नाही. उलट पाणी कमीत कमी ढवळायचं, फक्त पायऱ्यांवरचा निसरडा पापुद्रा काढायचा आणि बाकीचं पाऊस येईपर्यंत सहन करायचं. सफाईला निघण्याआधी त्या दिवशीचा प्रवाह किती आहे ते बघायची सवय लावा. मी तो आकडा वहीत लिहून ठेवते. कुठल्या पायरीवर काय वाढलं तेही त्याच्याच शेजारी. दोन-तीन वर्षांच्या नोंदी झाल्या की पुढच्या आठवड्याचा अंदाज आपोआप यायला लागतो.

तिसरं कारण आपल्या घराशी येऊन थांबतं. शेवाळाला खाद्य लागतं ते नत्राचं, आणि ते झऱ्यांतून विरघळूनच येतं. पाऊस पडतो नैर्ऋत्येच्या टेकड्यांवर. बार्टन, विल्यमसन, स्लॉटर, बेअर, अनियन या ओढ्यांच्या तळातल्या भेगांमधून पाणी खडकात उतरतं आणि काही भागांतून अवघ्या काही दिवसांत झऱ्यांवर पोचतं. चुनखडीतल्या वाटा मोकळ्या असतात. मातीच्या थरांतून झिरपताना पाणी जसं गाळलं जातं, तसं इथे फारसं होत नाही. ज्याच्या अंगणात जे पडतं ते थोड्याच दिवसांत पोहणाऱ्याच्या अंगाला लागतं.

ऑस्टिनमधल्या सर्कल सीसारख्या वसाहती थेट या पुनर्भरण क्षेत्रावर, म्हणजे पाणी खडकात उतरतं त्या पट्ट्यावर, आहेत आणि आपल्यातली कितीतरी कुटुंबं त्या बाजूला राहतात. गुरुवारी इथे शेवाळ घासायचं आणि शनिवारी हिरवळीवर पोतंभर खत टाकायचं, असं व्हायला नको. हिरवळीला कंपोस्ट पुरतं. पावसाचा अंदाज असेल तेव्हा खत अजिबात नको. कुत्र्याची घाण उचलायची. सेप्टिक टाकी असेल तर ती वेळच्या वेळी तपासून घ्यायची. गाडी दारात धुण्याऐवजी धुण्याच्या केंद्रात न्यायची. यातल्या कुठल्याच गोष्टीला गुरुवारची सुट्टी काढावी लागत नाही.

हे ऐकायला किरकोळ वाटतं, पण या शहराने पाणलोटाच्या बाजूनेच मोठी कामं केली आहेत. १९९२ मध्ये नागरिकांनी मतदानाने कायदा करून घेतला आणि पाणलोटात काँक्रीट-डांबराने किती जमीन झाकायची त्याला मर्यादा घातली. पार्किंगच्या जागांवर लावायचा कोळशाच्या डांबराचा लेप २००६ पासून बंद केला. असं करणारं हे अमेरिकेतलं पहिलं शहर. काठावरच्या ब्रशवाल्यांनी वर काय चाललंय ते विचारायला सुरुवात केली तेव्हाच या गोष्टी घडल्या, असं जुने लोक सांगतात.

गावाकडच्या बारवेला यातलं काय लागू

लिंबच्या बारामोटेच्या विहिरीसारख्या (१७१९ ते १७२४ मध्ये बांधलेल्या) दगडी बांधकामांजवळ वाढलेल्या आमच्यासारख्यांना इथलं काम परकं वाटत नाही. झरा कुठल्या बाजूने फुटतो ते आधी शोधायचं, हे तिथेही तसंच. जुनी जाणती माणसं सांगतात ती जागा पावसाळ्याआधी एकदा डोळ्यांनी बघून घ्या. मग गाळ झऱ्याच्या तोंडावर न ढकलता उचला. दगडी सांध्यांवर तारेचा ब्रश किंवा जास्त दाबाचं पाणी मारू नका, सांध्यातला जुना चुना निघून जातो. कासवं, मासे असतील तर मोरचूद नको. काढलेला गाळ काठावर ठेवू नका, शेतकऱ्याला शेतात टाकायला द्या, तो आनंदाने नेईल.

फरक एकाच बाबतीत आहे. बारवेचं पाणी कोणी पीत असेल तर टीसीएलचा निर्णय आपण घ्यायचा नाही. ग्रामपंचायतीच्या पाणीपुरवठा कर्मचाऱ्याला विचारायचं आणि त्याच्या मापानेच ती पावडर पडली पाहिजे.

निघण्यापूर्वी

बूट, ब्रश, जाळी आणि बादल्या तलावात न धुता, बाहेर नळाखाली धुवा आणि उन्हात पूर्ण वाळवा. लेक ट्रॅव्हिस, लेक ऑस्टिन आणि लेडी बर्ड लेकमध्ये २०१७ पासून झेब्रा शिंपले सापडले आहेत. त्यांची पिल्लं डोळ्यांना दिसत नाहीत आणि ओल्या जाळीतून एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात जातात. रविवारी तळ्यावर बोटीत वापरलेले बूट गुरुवारी इथे घालायचे असतील, तर मधले दिवस ते कोरडे ठणठणीत राहिले पाहिजेत. शंका असेल तर दुसरे घाला. मी इथल्या कामाचे बूट वेगळे ठेवले आहेत, गॅरेजमधल्या खिळ्याला टांगून. कोणाला पहिल्यांदा यायचं असेल आणि बूट नसतील, तर आठ नंबरचा एक जादा जोड माझ्याकडे आहे.